आवणीनंतर युरिया फेकू नका, रोवा

मुंबईत भात कुठे पिकतो, असं विचारणाऱ्याने जुलैत मनोरी-गोराईला नाहीतर आरेच्या पाड्यांवर चक्कर मारावी. एकरांत मोजायची जमीन फार कुणाकडे नाही, गुंठेच आहेत. म्हणून तर पुढचं काम इथे जमण्यासारखं आहे.

फेकलेल्या युरियाचं काय होतं बघा. साचलेल्या पाण्यात त्याचा अमोनिया होऊन बराचसा हवेत उडतो आणि मुसळधार लागली की राहिलेला बांधावरून खालच्या खाचरात जातो. (खालच्याचं भात फुकटात हिरवंगार का, ते यावरून समजावं.) पिकाला जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. चिखलाच्या पोटात हवा नसते, तिथे युरियातलं नत्र (नायट्रोजन) धरून राहतं आणि मुळं सावकाश ओढतात. बांगलादेशातले छोटे शेतकरी ‘गुटी युरिया’, म्हणजे युरियाच्या मोठ्या गोळ्या, चिखलात पुरतात ते याचसाठी. आपल्याकडे कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपी ब्रिकेट (ही दोन खतं एकत्र दाबून केलेली गोळी) आहे, ती त्याच जातीची.

चिखलणीआधी आठवडाभर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) फांद्या खाचरात पसरा, हिरवा पाला गुंठ्याला 30 किलो. पाला गळला की काटक्या वेचून घ्या. आवणी, म्हणजे रोपांची लावणी, दोरीवर, उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी 15 आणि 25 सेंटिमीटर अंतर आलटून पालटून, चुडात दोन-तीनच रोपं. असे चार चूड जवळ आले की 15 सेंटिमीटरचा चौकोन पडतो. त्याच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक ब्रिकेट, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. गुंठ्याला साधारण 630 लागतात, म्हणजे पावणेदोन किलोसुद्धा नाही. हे आवणीच्याच दिवशी व्हायला हवं. चिखल बसला की बोट आत जात नाही. ओल्या हातात ब्रिकेट विरघळते, डबा इरल्याखाली कोरडा ठेवा.

दोरीला बायका पहिल्या दिवशी कंटाळतात, हे खरं. एका खाचरात करून बघा, बाकीची नेहमीसारखी लावा.

समुद्राकाठच्या रेताड जमिनीत मात्र हा खटाटोप नको, पाण्याबरोबर नत्रही खाली झिरपतं. खाडीलगतच्या खाऱ्या खाचरात आधी बियाणं बदला: पनवेल-1, 2 आणि 3 हे वाण खार जमिनीसाठीच काढलेत.

बेणणी करताना 25 सेंटिमीटरच्या पट्ट्यातूनच चाला. चौकोनात पाय रुतला, तर गोळी वर येते.