द्राक्षबागेसाठी घरचा तापमान-नोंदक

निफाडला पारा घसरला की मणी तडकायची धास्ती, म्हणून बागेत मी स्वतः जोडलेला नोंदक टांगलाय. अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), तापमान मोजायला डीएस१८बी२० सेन्सर, वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ-चिप, नोंदी साठवायला एसडी कार्ड. सेन्सरची डेटा वायर आणि ५ व्होल्ट यांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावाच. तो विसरलो तेव्हा नुसतं उणे १२७ येत होतं. ८५ दिसलं तर मोजमाप पूर्ण व्हायच्या आत आकडा वाचला. १२ बिटला, म्हणजे सर्वांत बारीक मोजणीला, ७५० मिलिसेकंद थांबा.

मग सेन्सर शून्य अंश बरोबर दाखवतो का ते तपासायला तो थर्मासमध्ये बुडवा: बर्फाचा चुरा, तो भिजेल इतकंच पाणी, ढवळत दहा मिनिटं. माझा ०.४ दाखवायचा, तेवढे कोडमध्ये वजा केले.

सेन्सरवर ऊन नको. मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा उपड्या, मध्ये फट ठेवून रचल्या. वारा खेळतो, दुपारचे खोटे आकडे थांबले.