ऑर्डर ईमेलचा साचा अपडेटनंतरही कसा टिकवला

वूकॉमर्स (वर्डप्रेस साइटवर ऑनलाइन दुकान चालवणारं प्लगइन) अपडेट झालं की ग्राहकांना जाणारं ऑर्डरचं ईमेल पुन्हा मूळ रूपात यायचं. आमचा मजकूर, परताव्याची सूचना, सगळं गायब. साइट ज्यांनी उभी केली होती त्यांनी थेट प्लगइनच्या फाइलमध्येच बदल केले होते. अपडेटमध्ये त्या फाइली बदलल्या जातात, मग टिकणार काय!

उपाय सोपा निघाला. प्लगइनच्या 'टेम्प्लेट्स' फोल्डरमधल्या 'ईमेल्स'मधून 'कस्टमर-प्रोसेसिंग-ऑर्डर.पीएचपी' ही फाइल उचलली आणि चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आधारलेली, आपले बदल ठेवायची वेगळी थीम) 'वूकॉमर्स/ईमेल्स' असं फोल्डर करून तिथे ठेवली. वूकॉमर्स आधी तिथली प्रत वापरतं आणि अपडेटमध्ये ती बदलत नाही, म्हणून आता बदल फक्त तिथेच. मात्र फाइलमधल्या 'डू_अ‍ॅक्शन'च्या ओळींना (दुसरीकडचा कोड तिथे चालवणाऱ्या) हात लावायचा नाही. ऑर्डरचा तक्ता आणि पत्ता त्यांच्यातूनच येतो. त्या उडवल्या की ईमेलमध्ये नुसतं 'धन्यवाद' उरतं.

दिसण्याचं दुखणं वेगळं. आउटलुकची जुनी डेस्कटॉप आवृत्ती ईमेल वर्डच्या इंजिनाने दाखवते, त्यामुळे फ्लेक्सबॉक्स (रकाने मांडायची नवी सीएसएस पद्धत) वगैरे विसरा. दोन रकाने हवे होते, ते मुकाट्याने टेबलने केले. रंग आणि फॉन्ट 'ईमेल-स्टाइल्स.पीएचपी'त टाकले, ते पाठवताना आपोआप इनलाइन होतात, म्हणजे थेट एचटीएमएलच्या टॅगमध्ये लिहिले जातात. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं एचटीएमएल कापतं, म्हणून जाहिरातीची लांबलचक पट्टी काढून टाकली. तशीही ती कोण वाचत होतं?

चाइल्ड थीममधली प्रत जुनी झाली तर वूकॉमर्सच्या 'स्टेटस' पानावर तसं दिसतं. दर अपडेटनंतर तिथे नजर टाकते आणि नव्या मूळ फाइलशी ताडून बदल चढवते.