आधी सायकलीची जागा, मग आपलं तिकीट: ब्रिटनमध्ये ट्रेन आणि सायकलने फिरण्याची तयारी

ब्रिटनमध्ये सायकलने लांबवर फिरायचं ठरलं की बहुतेकांची यादी रेनकोट आणि पॅनिअर बॅगांपासून (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या) सुरू होते. ते सगळं नंतर. यादीतलं पहिलं काम म्हणजे गाडीत सायकलीची जागा मिळवणं. तिथल्या ट्रेनमध्ये सायकल फुकट नेता येते, पण लांब पल्ल्याच्या गाडीत शेकडो माणसांमागे सायकलींच्या जागा असतात जेमतेम दोन, चार, फार तर सहा. त्या भरल्या की तुमच्या हातात पहिल्या वर्गाचं तिकीट असलं तरी सायकल फलाटावरच राहते.

म्हणून तारखा ठरल्या की आधी सायकलीचं आरक्षण उपलब्ध आहे का ते बघा आणि त्याच बैठकीत आपलं तिकीट काढा. स्वस्तातली ‘ॲडव्हान्स’ तिकिटं साधारण आठ ते बारा आठवडे आधी खुली होतात आणि ती एका ठरावीक गाडीपुरतीच चालतात. तिकीट काढून ठेवलं आणि त्या गाडीत सायकलीला जागा नाही असं कळलं, तर वाचवलेले पौंड तिथेच गेले. गट चार-पाच जणांचा असेल तर एकाच गाडीत सगळ्या सायकली बसतील हे गृहीत धरू नका. दोन तुकड्या करून मागेपुढे निघण्याची मनाची तयारी ठेवा.

नियम कंपनीगणिक बदलतात, हे जरा डोक्याला ताप आहे. 1990 च्या दशकात तिथल्या रेल्वेचं खासगीकरण झालं तेव्हापासूनची ही तऱ्हा. 2025 पासून साउथ वेस्टर्नसारख्या कंपन्या पुन्हा सरकारकडे जायला लागल्या आहेत, पण सायकलींचे नियम अजून एकसारखे झालेले नाहीत. लंडनहून एडिंबरोला जाणाऱ्या एलएनईआर कंपनीच्या गाड्यांना आरक्षण लागतंच. उलट उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्दर्न कंपनीच्या गाड्यांना आरक्षणाची सोयच नाही. दोन सायकली, आधी येईल त्याची जागा. नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीचे सायकलींचे नियम दिलेले असतात. आपल्या मार्गावरच्या प्रत्येक टप्प्याचे ते वाचून वहीत उतरवून घ्या. सोमवार ते शुक्रवार सकाळी लंडनकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी लंडनहून सुटणाऱ्या गर्दीच्या लोकल गाड्यांत सायकल चढवू देत नाहीत, हेही त्यात येईल. घडीची सायकल मात्र घडी करून कुठल्याही गाडीत, कुठल्याही वेळी नेता येते. शहरं बघत फिरायचं असेल तर ब्रॉम्प्टनसारखी सोय नाही. स्कॉटलंडच्या खडीच्या वाटांवर तिच्या सोळा इंची चाकांचे हाल होतात, इतकंच.

मार्ग आखताना वाऱ्याकडे बघा. ब्रिटनमध्ये वारा जास्त करून नैऋत्येकडून येतो, म्हणून शहाणे लोक लँड्स एंड ते जॉन ओ’ग्रोट्स ही देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सफर दक्षिणेकडून उत्तरेकडे करतात. नेहमीच्या रस्त्याने ती 874 मैल, सायकलींच्या आडवाटांनी हजाराच्या आसपास. दक्षिण टोकाला पेन्झन्स स्टेशन आहे. लंडनच्या पॅडिंग्टनहून तिथे ‘नाइट रिव्हिएरा’ ही रात्रीची गाडी जाते. शनिवारी रात्री ती नसते, आणि तिच्यातही सायकलीची जागा आधी धरावी लागते. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मात्र मी ‘सी टू सी’ ही एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याला जाणारी वाट सुचवीन. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवनहून निघायचं, हार्टसाइडचा 580 मीटर उंचीवरचा घाट चढायचा आणि पूर्व किनाऱ्यावर टाइनमथ किंवा संडरलंडला उतरायचं. सुमारे 140 मैल, म्हणजे 225 किलोमीटर. जाताना कार्लाइलहून नॉर्दर्नची गाडी, परतताना जवळच्या न्यूकॅसलहून मोठ्या गाड्या. पाटीवरचे आकडे मैलात असतात हे चढावर असताना विसरू नका. 20 म्हणजे 32 किलोमीटर.

शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं तपासा, आणि जायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा. रुळांची कामं तिथे शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, काढतात. मग गाडीऐवजी बस लावतात आणि त्या बसमध्ये घडी न होणारी सायकल सहसा घेत नाहीत. तुमचं आरक्षण शाबूत असतं, फक्त गाडीच नसते. म्हणून मोठे टप्पे मंगळवार ते गुरुवारमध्ये बसवले तर बरं. गाडीला उशीर झाला तर भरपाई मिळते, बऱ्याच कंपन्यांकडे 15 मिनिटांपासूनच. तिकीट जपून ठेवा आणि मागा, लाजायचं कारण नाही.

लंडनमध्ये स्टेशन बदलायचं असेल तर त्याची वेगळी तयारी करा. एडिंबरोच्या गाड्या किंग्ज क्रॉसहून सुटतात, ग्लासगोच्या यूस्टनहून, कॉर्नवॉलच्या पॅडिंग्टनहून. ट्यूब म्हणजे लंडनची भुयारी मेट्रो. तिच्या खोल बोगद्यातल्या लाइनवर सायकल चालत नाही. सर्कल, डिस्ट्रिक्टसारख्या वरच्या लाइनवर गर्दीची वेळ सोडून चालते. ई-बाइक असेल तर तोही मार्ग बंद, कारण मार्च 2025 पासून लंडनच्या ट्यूबमध्ये घडी न होणाऱ्या ई-बाइकना बंदी आहे. त्यापेक्षा सरळ सायकलवर टांग मारून जा. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, त्यामुळे तेवढी सवय नव्याने लावावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष चढण्याची तालीम, कारण खरी धांदल इथेच उडते. नव्या इंटरसिटी गाड्यांमध्ये सायकल एका अरुंद कपाटात पुढच्या चाकाने उभी टांगावी लागते. लादलेली सायकल तशी उचलता येत नाही. म्हणून गाडी यायच्या आधीच फलाटावर बॅगा उतरवून, एका पट्ट्याने बांधून खांद्यावर घ्या. हँडल रुंद असेल तर कपाटात अडतं, मग ते तिरकं करून सरकवायचं. सायकलीचा डबा गाडीच्या कुठल्या टोकाला येतो ते फलाटावरच्या माणसाला आधी विचारून ठेवा, नाहीतर पंचवीस किलोचा डोलारा घेऊन अख्ख्या फलाटावर पळावं लागतं. जुन्या गाड्यांत सायकल नुसती टेकवून ठेवतात. तिथे एक जाड रबरबँड ब्रेकच्या दांडीवर ताणून बसवला की चाक जाम राहतं आणि वळणावर सायकल डब्यात फिरत नाही. दोन रुपयांची वस्तू, पण माझ्या हँडलला कायम अडकवलेली असते.

सायकल भारतातून नेणार असाल तर निघण्याच्या महिनाभर आधी सर्व्हिसिंग करून घ्या आणि मग ती चालवून बघा. नवे ब्रेक पॅड, नवी चेन, दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, अ‍ॅलन कींचा संच आणि छोटा पंप एवढं पुरतं. ट्यूबचा व्हॉल्व्ह कुठला आहे ते बघून ठेवा. तिथल्या दुकानांत प्रेस्टा आणि श्रेडर या दोन प्रकारांचे मिळतात, आपल्या साध्या सायकलींचा जुना व्हॉल्व्ह सहज मिळायचा नाही. मडगार्ड हवेतच. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो. हेल्मेट सक्तीचं नाही, तरी घालाच. कुलूप डी-लॉकच (इंग्रजी डी आकाराचं) घ्या, आणि सायकल रात्रभर स्टेशनबाहेर ठेवू नका.

कपड्यांवर फार लिहीत नाही. जूनमध्येही रेनकोट आणि लोकरीची टोपी लागते. चौकोनी तीन पिनांचा ॲडॅप्टर, पॉवर बँक. चिक्की आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा सायकलवर कुठल्याही एनर्जी बारच्या तोंडात मारेल. इंग्लंडमध्ये मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच खरेदी उरका. मुक्कामाला यूथ होस्टेलं बरी. सायकलीसाठी बंद खोली आहे का, एवढं बुकिंगच्या वेळी विचारा.

रस्ता शोधायला नॅशनल सायकल नेटवर्कच्या निळ्या पाट्या आणि त्यावरचा लाल चौकटीतला आकडा उपयोगी पडतो. यातल्या कित्येक वाटा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर आहेत. बाथजवळच्या कूम डाउनच्या जुन्या रेल्वे बोगद्यातून तर मैलभर सायकल चालवता येते. पण पाटी आहे म्हणजे रस्ता गुळगुळीत असेल असं नाही. चिखल, मेंढ्या आणि अरुंद फाटकं येतातच. मोबाइलवर नकाशे आधीच उतरवून ठेवा आणि दुर्गम भागासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा कागदी नकाशा घ्या.

स्कॉटलंडच्या हायलँड्सची तयारी वेगळी. पर्थहून इन्व्हर्नेसकडे जाताना ड्रमॉक्टरची खिंड लागते. रेल्वे, महामार्ग आणि सायकलची वाट तिघीही तिथे शेजारून जातात. ब्रुअर गाव सोडलं की डॅलव्हिनी गावापर्यंत सुमारे 30 किलोमीटर ना दुकान, ना आडोसा. भर उन्हाळ्यातही हवा तासाभरात फिरते. पाणी, खाणं आणि कोरडे हातमोजे बॅगेच्या तळाशी नाही, वर ठेवा. हवा फारच बिघडली तर परतीची किंवा पुढची ट्रेन कुठून आणि किती वाजता, हे त्या सकाळी कागदावर लिहून खिशात असू द्या. मिज नावाच्या बारीक माश्यांसाठी डोक्यावरची जाळी घ्या, दिसायला कशीही दिसो. पश्चिमेला ग्लासगो-ओबन मार्गावर काही गाड्यांना 2021 पासून ‘हायलँड एक्सप्लोरर’ डबा जोडतात. त्यात 20 सायकली मावतात, त्यामुळे गटाने जाणाऱ्यांनी तोच मार्ग आधी बघावा. ओबनहून मल बेटावर जाणाऱ्या फेरीत सायकलीचे पैसे पडत नाहीत.

आणि परतीचं आरक्षण जातानाच्या आरक्षणाबरोबरच करा. जॉन ओ’ग्रोट्सला रेल्वे नाही. विक किंवा थर्सोपर्यंत उलटं यावं लागतं आणि तिथून इन्व्हर्नेसला दिवसाला मोजक्याच गाड्या, प्रत्येकीत मोजक्याच सायकली. सफर संपवणारे सगळे त्याच गाड्यांवर डोळा ठेवून असतात. विमानासाठी पुठ्ठ्याचा खोका लागणार असेल तर शेवटच्या मुक्कामाच्या गावातल्या सायकलच्या दुकानाला आठवडाभर आधी फोन करा. रिकामे खोके त्यांच्याकडे पडून असतात आणि बहुतेक जण आनंदाने देतात. पेडल काढायचा 15 नंबरचा पान्हा बरोबर ठेवा आणि घरून निघण्यापूर्वी दोन्ही पेडलं एकदा सैल करून, ग्रीस लावून पुन्हा बसवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.