कंट्रोलरमधून खरखर येत असेल तर आदल्या दिवशी करावयाची तयारी

हळद ऐन रंगात आली असताना आवाज तडतडू लागला, की सर्वांच्या नजरा डीजेकडे वळतात आणि तो बिचारा हाताला लागेल ती केबल हलवू लागतो. म्हणून डीजे कंट्रोलरची, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी मिसळण्यासाठी यूएसबीने जोडलेल्या बटणे व चकत्यांच्या पेटीची, ही तपासणी आदल्या दिवशी घरीच, शांत खोलीत उरकावी आणि मंडपात जो लॅपटॉप, जो चार्जर व जी यूएसबी केबल न्यायची आहे, तोच संच टेबलावर मांडावा.

पहिले काम ऐकण्याचे आहे. गाणे थांबवल्यावरही एकसुरी गुणगुण चालू राहत असेल, तर दोष बहुधा विजेच्या जोडणीत असतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवताच ती थांबली, तर शंका उरत नाही. अशा वेळी लॅपटॉप आणि साउंड सिस्टीम एकाच बोर्डावरून चालवावी किंवा कंट्रोलर व मिक्सर यांच्यामध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्हींमधली थेट विद्युत जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी) लावावा. चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सर्रास दिसणारा उपाय मात्र जिवावर बेतू शकतो. केवळ मोठ्या आवाजाच्या जागीच आवाज फाटत असेल, तर कंट्रोलरवरील चॅनेलचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) कमी करून पातळी जास्त झाल्याचे दाखवणारे लाल दिवे विझवावेत आणि कमी पडलेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरवर वाढवावा.

अनियमित, मधूनच येणारी तडतड मात्र वेळ खाते. हेडफोन थेट कंट्रोलरला लावून ऐकावे: तिथे आवाज स्वच्छ असेल, तर कंट्रोलरपासून मिक्सरपर्यंत जाणारी आरसीए केबल आणि मिक्सर तपासावा, तिथेही तडतड असेल, तर दोष कंट्रोलर, यूएसबी किंवा लॅपटॉपमध्ये आहे असे समजून पुढे जावे.

लॅपटॉप आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत कंट्रोलरकडे पाठवतो आणि त्या तुकड्याच्या आकाराला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे, म्हणजे नमुने, असताना १२८ नमुन्यांचा बफर जेमतेम २.९ मिलिसेकंद पुरतो, ५१२ चा ११.६ आणि १०२४ चा २३.२, तेवढ्या अवधीत पुढचा तुकडा तयार झाला नाही, तर मध्ये पोकळी पडते आणि तीच आपल्याला तडतड म्हणून ऐकू येते. बफर वाढवला, की हात आणि आवाज यांच्यातले अंतर वाढते. स्क्रॅच करणाऱ्याला (चकती हाताने मागेपुढे फिरवणाऱ्याला) ते खुपते, पण लागोपाठ गाणी मिसळणाऱ्याला ५१२ चा त्रास सहसा जाणवत नाही. एका वेळी एकच पायरी वाढवून दहा मिनिटे ऐकावे, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

विंडोजवर कंट्रोलरच्या उत्पादकाचाच एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी विलंबाने थेट कंट्रोलरकडे पोहोचवणारा प्रोग्राम) निवडलेला आहे ना, हे डीजे सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये उघडून पाहावे. मॅकवर बहुतेक कंट्रोलर कोअर ऑडिओ या मॅकच्या अंगभूत व्यवस्थेवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर यांपैकी एक ४४.१ आणि दुसरा ४८ किलोहर्ट्झवर नसावा.

एवढे करूनही तडतड राहिली, तर लॅपटॉपचा वीज वाचवण्याचा स्वभाव आड येत असावा. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवावा, ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वापरात नसलेले यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करावे आणि वायफाय व ब्लूटूथही बंद करावे, कारण त्यांचे ड्रायव्हर क्षणभर प्रोसेसर अडवून धरतात. लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर असा अडथळा करणाऱ्या ड्रायव्हरचे नावच दाखवते. विंडोज अपडेट थांबवावे, ब्राउझर बंद करावा, नवीन गाण्यांचे विश्लेषण आधीच करून ठेवावे. चालू गाण्यातून गायन वेगळे काढण्याची सोय जुन्या लॅपटॉपला हमखास जड जाते.

कंट्रोलर हबला न जोडता थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडावा आणि दुसरे पोर्टही वापरून पाहावे. केबल शक्य तितकी आखूड असावी, यूएसबी २.० साठी ५ मीटर ही कमाल मर्यादा आहे.

शेवटी संपूर्ण संच सलग तासभर वाजवावा, कारण लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत न दिसलेला दोष तेव्हा उघडा पडतो. जमलेल्या सेटिंगचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. बॅगेत एक जादा यूएसबी केबल, अर्ध्या तासाची गाणी भरलेला मोबाइल आणि तो थेट मिक्सरला जोडणारी केबल असावी. हे तिन्ही सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे अंधारात शोधावे लागत नाही.