लेथवाल्याकडून बाइकचा पार्ट करून घेताय? या चुका टाळा

एक बुश, एक कॉलर किंवा एखादा स्पेसर, म्हणजे दोन भागांच्या मध्ये बसणारं धातूचं छोटं नळकांडं, करून घ्यायचं असतं आणि पुण्यासारख्या शहरात लोक महिना महिना हिंडतात. मग 'इथे एका नगाचं काम कुणी घेतच नाही' म्हणून गाडी कोपऱ्यात लावून टाकतात. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाजमुळे वाढलेल्या या पट्ट्यात, भोसरीपासून नऱ्हे-धायरीपर्यंत, गल्लोगल्ली लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणारी यंत्रं, आहेत. काम अडतं ते आपण कुणाकडे जातो आणि काय घेऊन जातो, यावर.

चुकीच्या शेडमध्ये शिरणे

भोसरी एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणारं) मशिन दिसलं की नवखे थेट आत जातात. त्या मशिनवर शेकड्यांनी नग निघत असतात. तुमच्या एका बुशसाठी त्यांनी लागलेलं सेटिंग का मोडावं? ते नाही म्हणतात, आणि ते योग्यच आहे. तुम्हाला हवा हाताने चालवायचा साधा सेंटर लेथ आणि त्यावर बरीच वर्षं काढलेला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर. त्याचा पत्ता मोबाइलवर शोधत बसू नका. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर विचारा, किंवा सिलिंडर बोअरिंग करणाऱ्याला गाठा. पाव पाव मिलिमीटरच्या ओव्हरसाइझवर ज्याचं पोट चालतं, त्याला गाडीच्या कामाचा टर्नर नक्की ठाऊक असतो.

दुकानात गेलात की पाच मिनिटं नुसते उभे राहा. मायक्रोमीटर डबीत ठेवलाय की चिपांच्या, म्हणजे धातूच्या किसाच्या, ढिगात पडलाय? माप घेण्याआधी जॉब (लेथवर घडवत असलेला तुकडा) फडक्याने पुसला जातोय का, थंड होऊ दिला जातोय का? ५० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा जॉब ४० अंशांनी तापला तर जवळजवळ ०.०५ मिलिमीटर फुगतो. गरम असताना माप बरोबर आलं म्हणून सोडला, तर थंड झाल्यावर बेअरिंगचा फिट बिघडतो. जो माणूस थांबतो, त्याच्याकडे काम द्यावं.

झिजलेलं सॅम्पल देऊन 'सेम टू सेम' सांगणे

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की हिच्याबद्दल शांतपणे लिहिणं मला जमत नाही. टर्नर तुमची गाडी बघत नाही, तुम्ही हातात दिलेला तुकडा बघतो. तो तुकडा झिजलेला असेल, तर नवा पार्टही तेवढाच झिजलेला मिळणार.

माझ्या एका मित्राने जुनी आरएक्स १०० उभी केली. मागच्या चाकात दोन बेअरिंगांच्या मध्ये जो डिस्टन्स कॉलर बसतो, त्याची टोकं खराब झाली होती. तो तुकडा टर्नरला दिला, 'असाच द्या' म्हणाला, आणि संध्याकाळी तसाच चकचकीत कॉलर घेऊन आला. चाक बसवलं. ॲक्सलचा नट पूर्ण आवळला की चाक जड, अर्धा फेरा सैल केला की मोकळं. इथेच थांबायला हवं होतं. पण रविवारी मित्रांबरोबर महाबळेश्वर ठरलं होतं, म्हणून नट थोडा सैल ठेवून तो निघाला. कात्रज ओलांडून शिरवळपर्यंत गाडी गेली. तिथे मागचं चाक डुलायला लागलं. हबला हात लावला तर चटका बसला. गाडी टेम्पोत घालून परत आणली.

हब उघडून डेप्थ व्हर्नियरने बेअरिंगच्या दोन्ही बैठकांमधलं अंतर मोजलं. कॉलर ०.६ मिलिमीटर आखूड होता. कुणीतरी आधी कधीतरी त्याची टोकं ग्राइंडरवर सपाट केली असणार. कॉलर आखूड असला की नट आवळताना बेअरिंगांच्या आतल्या रेस (कड्या) एकमेकींकडे दाबल्या जातात, बाहेरच्या मात्र हबमध्ये जागच्या जागी असतात. गोळ्या कडेला घासतात, बेअरिंग तापतं आणि संपतं. यात टर्नरची काय चूक? त्याने दिलं तसं शंभर टक्के करून दिलं होतं.

म्हणून माझी पद्धत अशी: माप हबचं घ्यायचं, जुन्या कॉलरचं नाही. कॉलर त्या मापापेक्षा ०.१ मिलिमीटर लांब सांगायचा आणि दोन्ही तोंडं समांतर हवीत हे बजावायचं. एक बेअरिंग पूर्ण बसवायचं, दुसरं कॉलरला टेकेपर्यंतच ठोकायचं. कागदावर हाताने चित्र काढायचं. सुबक नसलं तरी चालतं, पण प्रत्येक माप लिहिलेलं हवं आणि कुठलं माप सांभाळायचं त्याच्याभोवती गोल हवा. शिवाय जोडीचा पार्ट बरोबर न्यायचा: बेअरिंग असेल तर बेअरिंग, ॲक्सल असेल तर ॲक्सल. टर्नरने तो स्वतः घालून पाहिला की निम्मे वाद मिटतात.

आटे डोळ्यांनी ओळखणे

१० मिलिमीटरचा बोल्ट म्हटलं की टर्नर सहसा १.५ मिलिमीटर पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) धरतो. गाड्यांवर बऱ्याचदा १.२५ असतो. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर तर ब्रिटिश आटे येतात. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांवर उजव्या आरशाला उलटे आटे असतात. पिच गेज शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तो घ्या.

मटेरियल न सांगणे

'लोखंडाचा करा' म्हणालात तर एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, तुकडा लागेल. कॉलरला तो चालतो. पिन किंवा शाफ्टला ईएन ८ किंवा ईएन २४ हे जास्त मजबूत पोलाद लागतं, आणि हार्डनिंग करायचं की नाही हे आधीच ठरवावं लागतं. प्लेटिंग करणार असाल तर तेही आधी सांगा, कारण थर चढला की माप बदलतं.

एका बुशच्या पैशांवरून घासाघीस

तुम्ही पैसे मटेरियलचे देत नाही. चक लावणं, टूल घासणं, सेंटर काढणं, यात त्याचा अर्धा तास जातो. मग नग एक असो की पाच. म्हणून मी नेहमी दोन नग करून घेतो.

भलत्या वेळी जाणे

भोसरी-पिंपरीकडे गुरुवारी सुट्टी. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई. खंडेनवमीला मशिनची पूजा असते, त्या दिवशी काम घेऊन जाऊ नका, पेढे खाऊन या. एरवी दुपारी चारनंतर जा, आणि 'आत्ता उभ्या उभ्या करून द्या' हे वाक्य घरी ठेवून जा. घाईत काढलेला कट पुन्हा भरता येत नाही.

नको ते करून घेणे

पुढचा ॲक्सल, ब्रेकचे भाग, हँडलचा स्टेम लेथवर करून घेऊ नका. मूळ पार्ट मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा. असं काम टर्नरने नाकारलं तर दुसरा शोधायला निघू नका. पुढचा बुश त्याच्याकडेच न्या.