फेर-रेडिओथेरपीच्या अभ्यासात एआय वापरण्यापूर्वीची तयारी

एकदा रेडिओथेरपी झालेल्या भागावर ती पुन्हा द्यावी लागलेले रुग्ण एकेका केंद्रात मोजकेच सापडतात, म्हणून दुष्परिणामांचे भाकीत करणारे एआय मॉडेल कोणते घ्यायचे हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवावा. आधी कोणाला गणतीत धरायचे ते ठरवावे: एस्ट्रो (रेडिओथेरपी) आणि ईओआरटीसी (कर्करोग संशोधन) या युरोपीय संस्थांच्या २०२२ च्या व्याख्येप्रमाणे दोन्ही वेळची क्षेत्रे एकमेकांवर येत असतील तर पहिला प्रकार, येत नसूनही एकत्रित डोसामुळे दुष्परिणामांची काळजी असेल तर दुसरा.

मग जुने प्लॅन, म्हणजे आधीच्या उपचाराचे आराखडे, मिळवावेत, आणि माझ्या मते निम्मा अभ्यास इथेच घडतो किंवा बिघडतो. डिस्चार्ज कार्डावरचा ‘३० फ्रॅक्शनमध्ये ६० ग्रे’ (ग्रे हे डोसाचे एकक, फ्रॅक्शन म्हणजे डोसाचा एकेक हप्ता) हा शेरा पुरत नाही. सीटी, अवयवांच्या रेखाटलेल्या सीमा आणि डोसाची फाइल डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित स्वरूपात हवी. दोन्ही डोसांची सरळ बेरीज करू नये. मानेच्या ज्या ऊतींना आधी हे ६० ग्रे आणि आता ५ फ्रॅक्शनमध्ये ४० ग्रे मिळाले, त्यांची कागदावरची बेरीज १०० होते. पण उशिरा दिसणाऱ्या परिणामांसाठी अल्फा-बीटा गुणोत्तर (फ्रॅक्शनच्या आकाराला ऊती किती संवेदनशील आहेत याचे माप) ३ धरून २ ग्रेच्या फ्रॅक्शनशी समतुल्य डोस काढला, तर दुसऱ्या खेपेचे ४० ग्रे ८८ होतात आणि एकूण १४८ भरतात. जुना सीटी नव्यावर बसवताना संगणकाने केलेली जुळणी डोळ्यांनी तपासावी, कारण शस्त्रक्रियेनंतर शरीररचना बदललेली असते. दोन उपचारांमधले महिनेही नोंदवावेत.

दुष्परिणाम दिसण्याआधीच दगावलेल्या रुग्णापुढे ‘त्रास नाही’ असे लिहिणे ही सहज होणारी चूक आहे. तिथे मृत्यू ही स्पर्धक घटना, म्हणजे दुष्परिणाम दिसण्याची शक्यताच संपवणारी घटना, म्हणून धरावी.

समजा ६० रुग्णांपैकी ९ जणांना गंभीर त्रास झाला, तर त्या ९ पैकी एकाचे भाकीत चुकले तरी संवेदनशीलता (त्रास झालेल्यांपैकी मॉडेलने ओळखलेल्यांचे प्रमाण) ११ टक्क्यांनी घसरते. अशा वेळी डीप लर्निंगचा हट्ट सोडून, आधीच ठरवलेल्या दोन-तीन घटकांवर रिजसारखे दंडयुक्त प्रतिमान (घटकांना अवाजवी वजन मिळू न देणारे साधे सांख्यिकी मॉडेल) वापरणे शहाणपणाचे. डेटाची विभागणी रुग्णनिहाय करावी, एकाच रुग्णाचे सीटी स्लाइस प्रशिक्षणात आणि चाचणीत दोन्हीकडे जाऊ देऊ नयेत, आणि घटकांची निवडही क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (डेटाचे भाग पाडून आळीपाळीने केलेल्या चाचणीच्या) आतच करावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या एआयविषयक नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी डेटा गोळा करण्याआधीच घ्यावी, आणि भाकीत करणाऱ्या मॉडेलच्या लेखात काय काय द्यावे हे सांगणारा ट्रायपॉड+एआयचा २०२४ चा तक्ता लेख लिहायला बसण्यापूर्वीच समोर ठेवावा.