इजा झाल्यावर वकिलाकडे जाण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम अपघाताची नेमकी तारीख कागदावर लिहावी, कारण दावा दाखल करण्याची मुदत बहुधा तिथूनच मोजली जाते. ही मुदत देशागणिक आणि दाव्याच्या प्रकारागणिक बदलते: इंग्लंडमध्ये ती सर्वसाधारणपणे ३ वर्षे, कॅलिफोर्नियात २ वर्षे, तर भारतात रस्ते अपघाताच्या दाव्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनुसार अवघी ६ महिने आहे. ‘आधी बरे होऊ, मग बघू’ म्हणता म्हणता ती उलटून जाते.

त्यानंतर उपचारांचे कागद तारखेनुसार लावावेत: केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि पावत्या. यात पहिल्या दिवसाचा केसपेपर सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही. त्यावर ‘पडल्याने मनगटास मार’ एवढेच लिहिले आहे, की ‘जिन्याची पायरी तुटलेली असल्याने पडल्याचे रुग्ण सांगतो’ असे, यावर पुढे बराच वाद होऊ शकतो. नोंद चुकली असल्यास स्वतः खाडाखोड न करता डॉक्टरांकडे पुरवणी नोंदीची विनंती करावी. तेच मनगट पूर्वी दुखावले असेल, तर तेही वकिलास आधीच सांगावे. जुने दुखणे असले म्हणून दावा आपोआप बुडत नाही, मात्र ते समोरच्या पक्षाने उघड केले तर बाकीच्या सांगण्यावरचाही विश्वास उडतो.

‘थोडी चूक माझीही होती, मग भरपाई मिळेल का?’ हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो. इंग्लंडमध्ये १९४५ च्या कायद्यापूर्वी जखमी व्यक्तीचा अल्पसा दोषही दाव्याच्या मुळावर येऊ शकत असे; आता दोषाच्या प्रमाणात कपात होते. सीटबेल्ट न लावणाऱ्याबाबत तिथे रूढ झालेले प्रमाण असे, की पट्टा लावला असता इजा झालीच नसती तर २५ टक्के, आणि बरीच कमी झाली असती तर १५ टक्के रक्कम कापावी. सर्वच ठिकाणी असे प्रमाण ठरलेले नसते. म्हणून आपण काय केले व काय केले नाही, हे आठवणीप्रमाणे जसेच्या तसे लिहून न्यावे.

जागेची व जखमेची छायाचित्रे, साक्षीदारांचे संपर्क आणि पगाराच्या पावत्या सोबत घ्याव्यात. इजेपायी खर्ची पडलेल्या रजांचीही नोंद करावी. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, त्यामुळे ते जपून ठेवण्याची लेखी मागणी वकिलाच्या भेटीची वाट न पाहता करावी. रोज दोन ओळींची टिपणवही ठेवावी. ‘हात दुखतो’ यापेक्षा ‘आज सदऱ्याची बटणे दुसऱ्याकडून लावून घ्यावी लागली’ हे अधिक बोलके ठरते.

विमा कंपनीने ‘पूर्ण व अंतिम’ भरपाईचा कागद पुढे केल्यास, उपचार कुठवर चालणार हे कळेपर्यंत आणि वकिलास दाखवेपर्यंत त्यावर सही करू नये, कारण त्यानंतर निघालेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा आपल्याच माथी येतो. वकिलाचे शुल्कही पहिल्याच भेटीत लेखी ठरवावे: अमेरिकेत मिळालेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा घेण्याची पद्धत सर्रास आहे, भारतात मात्र वकिलांना तसा करार करण्यास मनाई आहे. मूळ कागद दाखवून परत आणावेत आणि प्रती देऊन त्यांची पोच घ्यावी.